श्रमाचें तारण

आजच्या भाषणाचा विषय वरवर पाहतां वकिलांचा वाटेल. परंतु घर बांधणाऱ्या आणि घर बांधून घेणाऱ्या प्रत्येक माणसाशीं त्याची गांठ आहे. एकानें काम केलें, दुसऱ्याच्या पदरीं त्या कामाचें फळ पडलें, आणि मोल मात्र चुकतें झालें नाहीं. अशा वेळीं काम करणाऱ्याला त्यानें घडविलेल्या वस्तूवरच कांहीं हक्क सांगतां येतो काय? आणि सोनाराला तो सांगतां येत असेल, तर गवंड्याला कां येऊं नये? या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, आणि आमच्या बीड जिल्ह्याला तर तो फार जवळून जाणवणारा आहे.

प्रथम एक घडलेली गोष्ट सांगतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं मी ज्या गांवीं शिक्षक होतों, तेथें लोकवर्गणींतून शाळेची एक खोली बांधावयाचें ठरलें. गांवच्या पंचांनीं तें काम एका गुत्तेदाराला दिलें. कंत्राटदाराला आमच्या मराठवाड्यांत गुत्तेदार म्हणतात. गुत्तेदारानें भिंतींचें काम एका गवंड्याला उक्तें देऊन टाकलें. खोली उभी राहिली. पंचांनीं गुत्तेदाराचा हिशेब बहुतेक पुरा केला. पण गवंड्याच्या हातीं त्याच्या मजुरीचा निम्मा भागहि पडला नाहीं. एके दिवशीं सकाळीं शाळेंत येऊन पाहतों, तों खोलीच्या दाराला परकेंच कुलूप, आणि पायरीवर गवंडी बसलेला! "गुरुजी, माझे पैसे मिळाले कीं किल्ली तुमच्या हातांत देतों," एवढेंच तो म्हणाला. मुलें लिंबाखालीं बसलीं. पंच म्हणाले, "आम्हीं पैसे एकदां दिले, ते पुन्हां कां द्यावे?" गवंडी म्हणाला, "भिंत तर माझ्या हातची आहे." मला दोघांचेंहि म्हणणें खरें वाटलें, आणि दोन खरीं म्हणणीं एकमेकांविरुद्ध उभीं राहतात, तेथेंच कायद्याचें काम सुरू होतें.

कायद्याच्या मराठींत या हक्काला धारणाधिकार म्हणतात. मोल मिळेपर्यंत हातांतील वस्तु धरून ठेवण्याचा तो अधिकार होय. वस्तु हातांतून गेल्यावरहि तिच्यावर जो हक्क चिकटून राहतो, त्याला बोजा म्हणतात. आमच्या शेतकऱ्याला हा दुसरा शब्द शिकवावा लागत नाहीं. सातबाऱ्याच्या उताऱ्यांत 'इतर हक्क' या रकान्यांत बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा त्यानें अनेकदां वाचलेला असतो. कुलूप लावणारा गवंडी धारणाधिकार गाजवूं पाहत होता. तो हक्क त्याला होता कीं नाहीं, हें पुढें पाहूं.

मजुरीचा तंटा आपल्या देशांत नवा नाहीं. मनुस्मृतींत व्यवहाराचीं, म्हणजे दाव्यांचीं, जीं अठरा पदें सांगितलीं आहेत, त्यांत वेतन न देणें हें एक स्वतंत्र पद आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत आणि याज्ञवल्क्याच्या स्मृतींत एक लक्षांत ठेवण्याजोगा नियम आढळतो. मजुरी आधीं ठरलेली नसेल, तर नांगर धरणाऱ्याला पिकाचा, गुरें राखणाऱ्याला गुरांच्या उत्पन्नाचा आणि व्यापारांतील नोकराला नफ्याचा दहावा भाग द्यावा, असा तो आहे. यांतील तत्त्व असें कीं, ज्याच्या श्रमानें जें फळ आलें, त्या फळांतूनच त्याचा वाटा निघावा. धन्याची मर्जी किंवा त्याची ऐपत हा नंतरचा प्रश्न.

हें तत्त्व आपल्या खेड्यांनीं शेंकडों वर्षें प्रत्यक्ष वापरलें. बारा बलुत्यांची पद्धति आपणांस ठाऊक आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'गांवगाडा' या ग्रंथांत तिचें सविस्तर वर्णन आहे. सुतारानें वर्षभर नांगर, वखर, तिफण दुरुस्त करावी, लोहारानें फाळ शेवटून द्यावा, चांभारानें मोट शिवावी. रोख पैशाचें नांव नाहीं. मग हीं माणसें कोणत्या विश्वासावर काम करीत? विश्वास खळ्यावरचा होता. मळणी झाली, वारा पाहून उफणणी झाली, ज्वारीची रास पडली, कीं बलुतेदार खळ्यावर येत. आणि धान्य घरीं जाण्यापूर्वीं तेथेंच त्यांचा वाटा निघे. खळें उघड्यावर असतें, रास साऱ्या गांवाला दिसते. पेवांत किंवा कणगींत पडलेल्या धान्यांतून वाटा काढणें अवघड. खळ्यावर तें सोपें. म्हणून मागणीची जागा खळें हीच ठरली. धारणाधिकार हा शब्द त्या सुताराला माहीत नव्हता. पण माल नजरेआड होण्यापूर्वीं मागावें, ही त्याची अक्कल त्याला पक्की ठाऊक होती.

मात्र या पद्धतीचें सोनेंच सोनें सांगून चालणार नाहीं. वाटा कामावरून ठरे तसा जातीच्या पायरीवरूनहि ठरे. आणि हक्काच्या नांवाखालीं माणूस पिढ्यान्‌पिढ्या त्याच कामाला बांधला जाई. महारांच्या वतनाविषयीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत बिल आणलें, तें याच कारणासाठीं. थोड्याशा जमिनीच्या आणि बलुत्याच्या बदल्यांत सरकार आणि रयत दोघेहि एका समाजाला रात्रंदिवस राबवीत होते. तात्पर्य हें कीं, श्रमाला तारण असावें, पण त्या तारणाच्या दोरीनें श्रमणाराच बांधला जाऊं नये. हा धोका आपणांस याच जिल्ह्यांत पुन्हां भेटणार आहे.

आतां इंग्रजी कायद्याकडे वळूं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचें १७० वें कलम असें सांगतें कीं, एखाद्यानें दुसऱ्याच्या सोंपविलेल्या वस्तूवर आपले श्रम किंवा कसब खर्चिलें असेल, तर उलट करार नसल्यास मोबदला मिळेपर्यंत ती वस्तु त्याला ठेवून घेतां येते. कायद्यांतच दोन उदाहरणें दिलीं आहेत. जवाहिऱ्याकडे हिरा पैलू पाडण्यास दिला, तर मजुरी मिळेपर्यंत तो हिरा परत करण्यास जवाहिरा बांधलेला नाहीं. परंतु शिंप्यानें कोट शिवून होतांच देण्याचें आणि पैशांसाठीं तीन महिने थांबण्याचें कबूल केलें असेल, तर त्याला कोट अडवितां येणार नाहीं. उधारी कबूल केली कीं अडवणूक संपली. शिवाय हा अधिकार वस्तु धरून ठेवण्यापुरताच आहे. जवाहिऱ्यानें ती विकून आपले पैसे काढून घ्यावे, असा त्याचा अर्थ नव्हे.

बीड जिल्हा तेव्हां निजामाच्या राज्यांत होता, आणि तेथील दिवाणी व्यवहार त्या राज्याच्या स्वतःच्या कायद्यांप्रमाणें चालत. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं तें राज्य संपलें. आणि १९५१ च्या कायद्यानें, इतर अनेक कायद्यांबरोबर, हा करार कायदाहि आमच्याकडे लागू झाला. तेव्हांपासून बीडच्या शिंप्याला आणि सोनाराला मुंबईच्या शिंप्या-सोनाराइतकाच अधिकार आहे.

गवंड्याचें काय? १७० वें कलम सोंपविलेल्या जंगम वस्तूपुरतें आहे. हिरा जवाहिऱ्याच्या दुकानांत येतो; घर गवंड्याच्या दुकानांत येत नाहीं, गवंडीच घराकडे जातो. जमीन मालकाची, ताबा मालकाचा. गवंड्याला तेथें कामापुरती ये-जा करण्याची परवानगी. त्यानें रचलेला प्रत्येक दगड रचतांच मालकाच्या जमिनीचा भाग होतो. म्हणजे हात लागतांच ज्याची वस्तु हातांतून जाते, असा कारागीर एकच, आणि तो घर बांधणारा. यांत आणखी एक चमत्कार पाहा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणें, जमीन विकणाऱ्याची किंमत थकली असेल, तर मालकी खरीददाराकडे गेल्यावरहि त्या थकलेल्या रकमेचा बोजा त्या जमिनीवर राहतो. जमीन विकणाऱ्याचें दुःख कायद्याला समजलें. त्या जमिनीवर भिंत उभारणाऱ्याचें समजलें नाहीं.

सर्व जगांत असेंच असतें तर बोलणें खुंटलें असतें. पण तसें नाहीं. १७९१ सालीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं पोटोमॅक नदीच्या कांठीं नवी राजधानी वसविण्यास घेतली. जागा मोकळी, सरकार नवें, हातीं पैसा थोडा. तेथें घरें बांधण्यास कारागीर कोणत्या भरंवशावर येणार? त्यांना धीर यावा म्हणून मेरीलँड संस्थानानें त्याच वर्षीं डिसेंबरांत कायदा केला कीं, लेखी करार करून तो रीतसर नोंदविला असेल, तर बांधणाऱ्याच्या मोबदल्याचा हक्क त्या घरावर आणि त्याखालच्या जमिनीवर राहील. म्हणजे वॉशिंग्टन शहर उभें करण्यासाठीं गवंड्याला तारण द्यावें लागलें. पुढें ही पद्धति त्या देशांतील सर्व संस्थानांत पसरली. फ्रान्सनेंहि १८०४ च्या आपल्या दिवाणी संहितेंत शिल्पी, गुत्तेदार, गवंडी यांना असा अग्रहक्क दिला. पण तो मोजून दिला. काम सुरू होण्यापूर्वीं तज्ज्ञानें जागेची स्थिति नोंदवावी, काम झाल्यावर पुन्हां पाहणी करावी, आणि श्रमानें मिळकतीची जेवढी किंमत वाढली असेल तेवढ्यापुरताच हक्क असावा.

अमेरिकेंतील पद्धतीला दुसरी बाजूहि आहे. मालकानें मुख्य गुत्तेदाराचे पैसे चुकते केले आणि गुत्तेदारानें हाताखालच्या सुतार-गवंड्यांचे बुडविले, तर तेहि घरावर हक्क सांगूं शकतात; आणि मालकावर एकाच कामाचे पैसे दोनदां देण्याची पाळी येऊं शकते. आमच्या शाळेच्या पंचांची हीच तक्रार होती. म्हणून तेथील सावध मालक प्रत्येक हप्ता देण्यापूर्वीं खालच्या सर्व कामकऱ्यांची हक्क सोडल्याची लेखी फारखत मागून घेतो. सरकारी इमारतींवर असा बोजा बसवितां येत नाहीं. मग तेथें १८९४ आणि १९३५ च्या कायद्यांनीं दुसरी तोड काढली. मोठें सरकारी काम घेणाऱ्या गुत्तेदारानें मजुरांच्या आणि माल पुरविणाऱ्यांच्या पैशांबद्दल आधींच जामीन द्यावा, अशी ती तोड होय.

आपल्याकडे कायद्यानें हें तारण दिलें नाहीं, म्हणून व्यवहारानें आपल्या वाटा शोधल्या. बीड, माजलगांव, अंबाजोगाई, परळी, कोठेंहि जा. घराचें काम घेणारा शहाणा गुत्तेदार आधीं इसार घेतो आणि पुढचा पैसा टप्प्यांनीं मागतो. पाया भरला कीं एक हप्ता, जोतें झालें कीं दुसरा, छत पडलें कीं तिसरा. हप्ता चुकला कीं काम थांबतें. अर्धवट घर हेंच त्याचें तारण. मालकहि कच्चा नसतो. गळती, तडे, अपुरी कामें यांच्या भीतीनें शेवटचा हप्ता तो हातीं राखून ठेवतो. दोघेहि एकमेकांची थोडी थोडी रक्कम ओलीस धरून बसलेले असतात. आणि पुष्कळ वेळां त्यामुळेंच काम नीट पार पडतें. तंटा झालाच, तर गुत्तेदारानें दिवाणी दावा लावावा. कामाच्या मोबदल्याची निराळी मुदत ठरली नसेल, तर काम झाल्यापासून तीन वर्षांच्या आंत तो लावला पाहिजे, असें १९६३ चा मुदतीचा कायदा सांगतो. तोंवर मालक दावा बुडविण्याच्या हेतूनें मिळकत विकूं पाहत असेल, तर निकालापूर्वीं जप्ती मागतां येते. पण तो हेतु कोर्टापुढें दाखवून द्यावा लागतो, आणि गवंड्याच्या ऐपतीला तें झेपत नाहीं.

सरकारी कामांत तर उलटाच प्रकार. तेथें काम करणारा बयाणा भरतो, अनामत ठेवतो, काम संपल्यावरहि दोष निघाल्यास जबाबदार राहतो. पण त्याचें देयक थकलें तर त्याच्या हातीं कसलेंहि तारण नसतें. रस्ता अडवून धरतां येत नाहीं, पाण्याची टाकी घरीं नेतां येत नाहीं. २०२५ सालीं महाराष्ट्रांतील सरकारी कामांच्या गुत्तेदारांनीं थकलेल्या देयकांसाठीं आंदोलनें केलीं, हें आपण वृत्तपत्रांत वाचलें आहे. आणि वरचा पैसा थकला कीं त्याचा शेवटचा चटका कोणाला बसतो? ज्यानें सर्वांत आधीं काम केलें आणि ज्याच्याजवळ दुसरें कांहीं शिल्लक नाहीं, त्या मजुराला.

येथें आमच्या जिल्ह्याची खरी व्यथा येते. दरवर्षीं पावसाळा सरला कीं बीडच्या खेड्यांतून ऊस तोडणारीं कुटुंबें पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. निघण्यापूर्वीं मुकादम त्या कोयत्याला रोख उचल देतो. त्या पैशांत मुलीचें लग्न होतें, आजारपण निघतें, जुनें देणें फिटतें. मग सारा हंगाम टनावारी ऊस तोडून ती उचल फेडावयाची. न फिटली तर बाकी पुढच्या सालच्या हिशेबांत. बलुत्याच्या खळ्यावर काम आधीं होतें आणि मोल मागून येई, म्हणून तारण कामकऱ्याला हवें होतें. येथें मोल आधीं येतें आणि काम मागून होतें, म्हणून तारण मुकादमाला हवें असतें. पण ज्याच्यापाशीं घर नाहीं, बागाईत नाहीं, त्यानें तारण कशाचें द्यावें? तो स्वतःचे आणि बायकोचे हातच गहाण ठेवतो.

मुकादमाचीहि बाजू ऐकली पाहिजे. दोघांतिघांकडून उचल घेऊन कोणी पसार झाला, तर वरच्या देण्यासाठीं मुकादमाचाच गळा धरला जातो. त्यापायीं शेतें विकलेले मुकादमहि या जिल्ह्यांत आढळतात. परंतु पैसा बुडण्याच्या भीतीवर माणूस कोंडून ठेवणें हा उपाय होऊं शकत नाहीं. कर्जापोटीं माणसाला बांधून घेण्याची वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानें रद्द झाली आहे. वस्तूवरचा हक्क ठीक, मिळकतीवरचा हक्क ठीक. माणसाच्या देहावरचा हक्क कोणाचाहि नाहीं. याउलट मजुराच्या बाजूचें एक चांगलें तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानें आणलें आणि २०२० च्या संहितेनेंहि तें राखलें. गुत्तेदारानें मजुरी दिली नाहीं, तर ज्याच्यासाठीं काम चाललें त्या मूळ मालकानें ती द्यावी आणि मागाहून गुत्तेदाराकडून वसूल करावी, असें तें तत्त्व. घराच्या भिंतीवर बोजा नाहीं. पण निदान मालकाच्या माथ्यावर कांहीं जबाबदारी आली. तथापि हा नियम ठराविक संख्येहून अधिक मजूर असलेल्या कामांसाठीं आहे. चार माणसांच्या हातानें बांधलेल्या शाळेच्या खोलीला त्याची सावली मिळत नाहीं.

त्या खोलीचें पुढें काय झालें, तें सांगावयाचें राहिलें. कायद्याच्या दृष्टीनें गवंड्याचें कुलूप टिकणारें नव्हतें. ताबा शाळेचा होता. पण त्याला कोणी कायदा सांगितला नाहीं. तिसऱ्या दिवशीं आभाळ भरून आलें, मुलें लिंबाखालीं भिजूं लागलीं, आणि त्यानें आपण होऊन कुलूप काढलें. किल्ली माझ्या हातांत देतांना तो कांहीं बोलला नाहीं. कुलूप निघालें, मुलें आंत गेलीं, आणि पंचांची घाईहि त्याबरोबरच निघून गेली. त्यांनीं गुत्तेदाराची थोडी रक्कम राखून ठेवली होती, तींतून गवंड्याला पुढें दोन हप्त्यांनीं कांहीं पैसे मिळाले. बाकीचे मिळाले नाहींत. त्या भिंतीच्या आड मीं पुढें कित्येक वर्षें शिकविलें. भिंतीला तडा गेला नाहीं. त्याचें काम चोख होतें.

म्हणून माझी सूचना थोडकी आहे. घर बांधणारांनीं करार लेखी करावा, आणि टप्पा व हप्ता यांची जोडी त्यांत स्पष्ट लिहावी. घर बांधून घेणारांनीं गुत्तेदाराला हप्ता देण्यापूर्वीं गवंडी, सुतार, मजूर यांच्या पावत्या पाहाव्या; शेवटचा हप्ता राखून ठेवावा, पण तो गिळूं नये. आणि कायदा करणारांनीं फ्रान्सच्या नियमाचा विचार करावा. काम आधीं नोंदलेलें असेल, तर श्रमानें वाढलेल्या किमतीपुरता आणि थोड्या मुदतीचा हक्क मिळकतीच्या उताऱ्यावर लिहितां आला, तर खरीददारहि फसणार नाहीं आणि बँकेचेंहि अडणार नाहीं. बँकेच्या पैशाला ज्या रकान्यांत जागा आहे, त्या रकान्यांत ज्यानें भिंत उभी केली त्याच्या मजुरीला एक ओळ मिळावी, एवढेंच मागणें आहे.